सरासरी कोणाची?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो संपाविषयी बोलणार, नाही तर मालकांविषयी, अशी श्रोत्यांची समजूत असते. पेणकर आणि रोहेकर मंडळी आम्हांला पुष्कळ वर्षे ओळखतात, तेव्हा त्यांची ती समजूत आणखीच पक्की असणार. परंतु आज आम्ही संख्याशास्त्रावर बोलणार आहो. त्या शास्त्राच्या वरच्या मजल्यावर आम्ही जाणार नाही. तिथे आमचा पाय पोचत नाही. आकड्यांचा ढीग पुढे पडला तर तो लावावा कसा, आणि लावल्यावर त्याचे म्हणणे थोडक्यात सांगावे कसे, एवढाच आजचा विषय. कॉलेजातल्या मुलांना हा भाग पहिल्या चार-सहा तासांत शिकवून गुरुजी पुढे जातात. आमचे शिक्षण शाळेतच अर्ध्यावर राहिले. त्यामुळे ते चार-सहा तास आम्हांला पगाराच्या वाटाघाटींत बसून आणि जुन्या बाजारातली पुस्तके चाळून भरून काढावे लागले. आमचे मत असे झाले आहे की माणसाच्या पोटाशी ज्याचा संबंध आहे ते बहुतेक सगळे याच भागात येते.

मोजणीपासून सुरुवात करू. आपल्याकडे खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. ‘लाभ’ म्हणा की ‘एक’ म्हणा, माप मात्र शेवटपर्यंत तेच ठेवावे लागते. मध्येच पायली बदलली तर रास तेवढीच राहील आणि आकडा बदलेल. हे खळ्यावरच्या निरक्षर माणसाला पक्के ठाऊक असते. छापील आकडे वाचणारी शहाणी माणसे मात्र ते विसरतात.

पेणचेच घ्या. पेणला वर्षाला गणपती किती घडतात? चार जणांना विचारा, चार आकडे मिळतील, आणि चौघांपैकी एकही खोटे बोलत नसेल. कोणी साच्यातून निघालेली कच्ची मूर्ती मोजतो, कोणी रंग आणि डोळ्यांची आखणी पुरी झालेली मोजतो. हमरापूर, जोहे, कळवे या बाजूला झालेली कच्ची मूर्ती पेणच्या कारखान्यात येऊन रंगली, तर ती दोन्हीकडच्या वह्यांत चढते. देव एकच, पण हिशेबात दोन. तीच कच्ची मूर्ती रंगायला परगावी गेली, तर रंगवलेल्या मूर्ती मोजणाराच्या वहीत तिचा पत्ताच नाही. माणसांचेही तसेच. आषाढात कारखान्याच्या दारात उभे राहून माणसे मोजा आणि कार्तिकात पुन्हा मोजा. दोन्ही मोजण्या खऱ्या निघतील आणि एकमेकींशी जमणार नाहीत. घरी बसून दागिन्यांवर सोनेरी रंग भरणारी बाई तर दोन्हींत येणार नाही. म्हणून आकडा कानावर आला की ‘किती’ हे ऐकण्याआधी ‘काय मोजले, कधी मोजले, कोणाला मोजले’ हे विचारावे. उत्तर देणारा चिडला, तर प्रश्न योग्य जागी लागला असे समजावे.

आता फळ्याकडे पाहा. एक लहानसा रासायनिक कारखाना आहे असे धरा; माणसे एकवीस. प्रत्येकाचा महिन्याचा पगार हजार रुपयांत लिहिला आहे. हे आकडे कोणत्याही खऱ्या कारखान्याचे नाहीत. बेरीज सोपी यावी म्हणून आम्ही ते रचले आहेत. परंतु धाटावच्या वसाहतीत ज्यांनी पाळ्या केल्या आहेत त्यांना ते अनोळखी वाटणार नाहीत.

२२, १२, ५०, १९, ११, १२, २७, १७२, १३, २०, १२, ३८, १८, ११, २५, १४, ४२, १२, २१, १३, २४.

हजेरीपटावर नावे ज्या क्रमाने आली त्या क्रमाने हे उतरले आहेत. यातून काय कळते? काही नाही. बाजारातून आणलेली पिशवी ओट्यावर उपडी केली तर जेवढे कळते तेवढेच. आता यांना फक्त चढत्या क्रमाने उभे करू. गुणाकार नाही, भागाकार नाही, नुसते उभे करायचे.

११, ११, १२, १२, १२, १२, १३, १३, १४, १८, १९, २०, २१, २२, २४, २५, २७, ३८, ४२, ५०, १७२.

आता हे बोलू लागले. चौदा आणि अठरा यांच्यामध्ये मोकळी जागा आहे; तिथे एकही माणूस नाही. त्या जागेच्या अलीकडे नऊ जण आहेत, ते ठेकेदाराचे. पलीकडे आठ जण आहेत, ते कायम. मग तिघे केमिस्ट आणि सुपरवायझर, आणि सगळ्यांपासून दूर, वेशीबाहेर उभा असल्यासारखा, एक मॅनेजर. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या माणसांचे हे तीन-चार गाव आहेत. हे समजायला संख्याशास्त्राचे एकही सूत्र लागले नाही. आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही नेहमी सांगतो की आकडे हाती येताच भागायला बसू नका. आधी त्यांना रांगेत उभे करा आणि दहा मिनिटे नुसते पाहा.

माणसे एकवीस असतात तोवर रांग पुरते. दोन हजार असली तर गट पाडावे लागतात. गट पाडून प्रत्येक गटात किती जण पडले हे ताळ्याच्या खुणांनी मोजायचे: चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर आडवी. पुस्तकात याला वारंवारता सारणी असे भारदस्त नाव आहे. मिठागरावर गोण्या मोजणाऱ्याला ही सारणी नाव न घेता येते. आपल्या कारखान्याचे पाच-पाच हजारांचे गट पाडले तर असे दिसते: दहापासून पंधराच्या आत नऊ, पंधरापासून विसाच्या आत दोन, विसापासून पंचविसाच्या आत चार, पंचविसापासून तिसाच्या आत दोन, आणि तीस व त्यावर चार.

इथे जरा थांबू, कारण लबाडीला पहिली फट इथे सापडते. हेच गट कोणी पाचऐवजी वीस हजारांचे पाडले, तर ‘दहा ते तीस हजार: सतरा माणसे’ अशी एकच ओळ होईल. कंत्राटी नऊ आणि कायम आठ एका गोणीत गेले. मधली मोकळी जागा नाहीशी झाली. एकही आकडा खोटा लिहिला नाही, आणि कारखान्यात दोन जाती आहेत ही गोष्ट कागदावरून पुसली गेली. दुसरी फट शेवटच्या गटात. ‘तीस हजार व त्यावर’ या शब्दांतला ‘व त्यावर’ हा एक पडदा आहे. त्याच्याआड अडतीस हजारवाला केमिस्ट आणि एक लाख बहात्तर हजारवाला मॅनेजर शेजारी शेजारी बसतात. सरकारी असो, कंपनीचे असो, कोणतेही कोष्टक पाहताना आमची नजर आधी या शेवटच्या ओळीवर जाते.

आता सारांश. एकवीस आकड्यांच्या जागी एकच आकडा सांगा असे कोणी म्हटले तर कोणता सांगाल? बहुतेक जण म्हणतील, सरासरी. सगळ्यांची बेरीज पाचशे अठ्ठ्याऐंशी हजार. एकवीसने भागले, अठ्ठावीस हजार. शास्त्रात याला माध्य म्हणतात. भागाकार बिनचूक आहे. परंतु रांगेत मागे जाऊन पाहा, अठ्ठावीस हजार मिळवणारा एकही माणूस या कारखान्यात नाही, आणि एकवीसपैकी सतरा जण त्याच्या खाली आहेत. ज्या सरासरीला गाठायला पाचांतले चार जण कमी पडतात, ती सरासरी कोणाची?

दुसरी रीत अशी. रांगेच्या बरोबर मध्ये जो उभा आहे त्याला विचारायचे. एकवीस जणांत मधला अकरावा. त्याचा पगार एकोणीस हजार. याला मध्यक म्हणतात. अर्धे लोक त्याच्या अलीकडे, अर्धे पलीकडे. तिसरी रीत म्हणजे कोणता आकडा सर्वांत जास्त वेळा आला ते पाहणे. बारा हजार चार वेळा आला आहे. याला बहुलक म्हणतात. एकाच कारखान्याचे तीन सारांश झाले: अठ्ठावीस, एकोणीस आणि बारा. तिन्ही खरे. कारखानदार पहिला उचलतो, आमच्या चळवळीतले वक्ते तिसरा उचलतात, आणि मधला बिचारा कोणाच्याच भाषणात येत नाही. आमच्या बाजूच्या वक्त्यांनाही आम्ही हे तोंडावर सांगतो. बारा हजारांचा आकडा टाळ्या मिळवतो, परंतु पंचवीस हजारवाला ऑपरेटर सभेत बसलेला असतो आणि त्याला कळते की हे आपल्याविषयी नाही.

एक गंमत करून पाहा. मॅनेजर बदलून गेला, त्याची जागा रिकामी आहे असे धरा. उरले वीस, बेरीज चारशे सोळा हजार, सरासरी वीस हजार आठशे. एक माणूस गेला आणि सरासरी सात हजारांनी घसरली. मध्यक मात्र एकोणीसवरून साडेअठरावर आला, एवढेच. म्हणजे सरासरी मोठ्या माणसाच्या जाण्यायेण्याने हलते. मध्यक आपली जागा सहसा सोडत नाही.

आता उलट करू. मॅनेजरला परत आणा आणि ठेकेदाराच्या नऊ जणांना यादीतून काढा. ते आमचे नोकर नव्हेतच, असे म्हणून. उरले बारा, बेरीज चारशे अठ्ठ्याहत्तर हजार, सरासरी जवळजवळ चाळीस हजार. कोणाच्या खिशात एक रुपया वाढला नाही आणि कारखान्याची सरासरी अठ्ठावीसवरून चाळिसावर गेली! या ठिकाणी मध्यकही वाचवत नाही, कारण रांगच कापली. सारांशाची रीत बदलून जेवढी दिशाभूल होते त्याच्या कितीतरी पट यादी बदलून होते. हे सांगण्यासाठीच आज आम्ही इथे उभे आहो.

ही कल्पनेतली भीती नव्हे. देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांची दरवर्षी सरकारी पाहणी होते. तिच्यात ठेकेदारामार्फत घेतलेले कामगार वेगळे मोजतात. अलीकडच्या वर्षांत अशा कारखान्यांतील दर पाच कामगारांमागे सुमारे दोन ठेकेदाराचे निघतात. फळ्यावरचे नऊ जण आम्ही फार वाढवून लिहिलेले नाहीत.

धाटावच्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, करार संपून नव्याची बोलणी चालली होती. व्यवस्थापनाच्या अधिकाऱ्याने एक कागद पुढे सरकवला: आमच्या कारखान्याचा सरासरी पगार वसाहतीत वरच्या पायरीवर आहे, मग वाढ कशासाठी? आमच्या समितीतले तरुण ‘खोटे, खोटे’ म्हणून उठले. आम्ही त्यांना खाली बसवले. भागाकार खोटा असण्याचे कारणच नव्हते. आम्ही एवढेच मागितले की ज्या यादीवरून ही सरासरी काढली ती यादी द्या. यादी चार दिवसांनी आली. तिच्यात मोठ्या साहेबांचा पगार होता. पिंपे उचलणारे, गोण्या भरणारे, झाडणाऱ्या बाया, कँटीनचा पोऱ्या, यांतले कोणी नव्हते.

मग आम्ही आमची यादी केली. पाळी सुटताना फाटकाबाहेर प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली: गेल्या महिन्यात हातात किती पडले ते लिहा, नाव नको. झाडणाऱ्या बायांना मुकादम रोज संध्याकाळी रोख देई. महिन्याचा आकडा त्यांनी कधी जुळवलाच नव्हता. एकीने पंचांगवजा दिनदर्शिकेवर कामाच्या दिवसांना हळदीचे बोट लावून ठेवले होते. त्या बोटांवरून तिचा महिना आम्ही मोजला. सगळ्या चिठ्ठ्या एका खोलीत सुतळीवर कपड्यांसारख्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, चाप लावून टांगल्या. माणसे संध्याकाळभर येत होती आणि आपली चिठ्ठी कुठे लागली ते पाहत होती. जे कायम कामगार ठेकेदाराच्या माणसांशी डबाही वाटून खात नसत, ते त्या मोकळ्या जागेसमोर बराच वेळ उभे राहिलेले आम्ही पाहिले.

ती सुतळी आम्ही गुंडाळून बोलण्यांच्या टेबलावर नेली. त्या अधिकाऱ्याविषयी न्यायाने सांगायचे तर त्याने ती उडवून लावली नाही. तो म्हणाला, ही सगळी माणसे एका कागदावर आम्ही कधी पाहिलीच नव्हती. पुढे जो करार झाला त्याला पहिली पुरवणी म्हणून फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येकाची यादी जोडली गेली, ठेकेदाराचे नाव शेजारच्या रकान्यात. वाढ किती मिळाली यापेक्षा ही पुरवणी आम्हांला मोठी वाटते.

वाढीवरून मात्र आमच्या आमच्यातच जुंपली, आणि तो वाद पुन्हा सारांशाचाच होता. फळ्यावरच्या कारखान्यात दहा टक्के वाढ दिली असे समजा. एकूण खर्च अठ्ठावन्न हजार आठशे. माणशी सरासरी वाढ दोन हजार आठशे. बारा हजारवाल्याला मिळाले बाराशे, मॅनेजरला सतरा हजार दोनशे. आता तेवढीच रक्कम सर्वांना सारखी वाटा. माणशी दोन हजार आठशे, सरासरी वाढ तीच, मालकाचा खर्च तोच. परंतु बारा हजारवाल्याची वाढ बाराशेच्या जागी दोन हजार आठशे झाली. वर्तमानपत्रात दोन्ही करारांची बातमी एकाच ओळीत येईल: सरासरी वाढ दोन हजार आठशे. जुने कायम कामगार म्हणतात, पंचवीस वर्षे घातली ती काय सारखी वाटणी घ्यायला? त्यांचेही म्हणणे टाकाऊ नाही. खालच्यांना ठोक आणि वरच्यांना टक्के अशी तडजोड बहुधा होते. पण ती होण्यासाठी रांग डोळ्यांसमोर लागते. नुसत्या सरासरीवरून हा वाद सुरूसुद्धा होत नाही.

हे सगळे आम्ही शोधून काढले असे मात्र कोणी समजू नये. दादाभाई नौरोजी हे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे गृहस्थ. त्यांनी १८६७-६८ च्या सुमाराचे पिकांचे आणि किमतींचे सरकारी आकडे एकत्र करून हिंदी माणसाचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये बसते असे दाखवले. मग त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च शेजारी मांडला, तर तोच अधिक भरला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वीस ही नुसती सरासरी आहे, वरचे वर्ग आपला मोठा वाटा आधी उचलतात, तेव्हा गरिबाच्या हाती वीसही पडत नाहीत, हे त्यांनी बजावून सांगितले. आज ज्याला विचलन म्हणतात, म्हणजे सरासरीपासून माणसे किती दूर पांगली आहेत, त्याची जाणीव त्या माणसाला पुरती होती. ते पांगणे मोजायच्या रीती आहेत: सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करणे, रांगेचे चार सारखे भाग पाडून चतुर्थक काढणे, प्रमाण विचलन काढणे. त्यांचे गणित आज मांडत बसत नाही. शेतकऱ्याला पांगणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हंगामाचा पाऊस सरासरीइतका झाला असे रेडिओ सांगतो, आणि लावणीच्या वेळी आभाळ कोरडे असते व कापणीच्या वेळी भात आडवा होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस वर्षाच्या सरासरीत निमूट मिसळून जातो. खारबंदिस्तीचा बांध मात्र सरासरीने फुटत नाही, त्या दिवसाच्या पाण्याने त्याला खांड पडते.

आता महागाईकडे वळू, कारण सारांशाच्या आकड्याला पगार बांधलेला असा दुसरा प्रांत नाही. मुंबई सरकारचे लेबर ऑफिस १९२१ साली सुरू झाले. कामगारांच्या घरी जाऊन धान्य, कापड, भाडे, सरपण यांवर किती खर्च होतो हे त्याने लिहून घेतले, आणि राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक काढायला सुरुवात झाली. निर्देशांक म्हणजे एक टोपली. तिच्यात कोणती वस्तू किती ते एकदा ठरवायचे आणि दर महिन्याला तीच टोपली बाजारात नेऊन भाव विचारायचा. पायाच्या वर्षी ती शंभरला आली असे धरायचे. ही सरासरीच, पण वजनी सरासरी. ज्या वस्तूवर खर्च जास्त तिला वजन जास्त.

अडचण अशी की माणसाची टोपली बदलते आणि कागदावरची टोपली तीच राहते. मुंबईचा निर्देशांक १९३३-३४ हे पायाचे वर्ष धरून चालत होता, आणि गिरणी कामगारांचा महागाई भत्ता त्याला बांधलेला होता. साठीच्या दशकाच्या आरंभी बाजारातले भाव आणि निर्देशांक यांचा मेळ बसेना. १९६३ साली मुंबईचा कामगार यावरून रस्त्यावर आला. राज्य शासनाने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि निर्देशांकात दुरुस्ती हवी असा समितीचा निर्णय झाला. एका सारांशाच्या आकड्यासाठी लाखो माणसे हातातले काम टाकून उभी राहिली. संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हे उदाहरण का देत नाहीत याचे आम्हांला नवल वाटते.

आजची औद्योगिक कामगारांची मालिका २०१६ हे वर्ष पायाचे धरून आहे. २०२० साली ती सुरू झाली, आणि देशातल्या अठ्ठ्याऐंशी केंद्रांतून तिच्यासाठी भाव गोळा होतात. आधीच्या २००१ च्या मालिकेत खाण्यापिण्याचे वजन शंभरात सुमारे शेहेचाळीस होते. नव्या मालिकेत ते एकोणचाळीसच्या आसपास आले. यात कोणी कट केला असे आम्ही म्हणणार नाही. कामगाराचे घर जरा सुधारले, शाळा, दवाखाना, फोन, भाडे यांवरचा खर्च वाढला, की खाण्याचा वाटा आपोआप कमी दिसतो. परंतु हेही सरासरी घराचे वजन आहे. फळ्यावरच्या बारा हजारवाल्याच्या घरात शंभरातले साठ रुपये खाण्यावर जातात असे धरा. खाण्याच्या वस्तू दहा टक्क्यांनी महागल्या आणि बाकी सारे जागच्या जागी राहिले, तर निर्देशांक चारच्या आत, तीन पूर्णांक नऊ टक्के चढेल. त्याचे घर मात्र सहा टक्क्यांनी महागेल. बारा हजारांवर हा फरक महिन्याला दोनशे बावन्न रुपयांचा. रोह्याच्या बाजारात दोनशे बावन्न रुपयांत काय काय येते हे इथे बसलेल्या भगिनी आमच्यापेक्षा चांगले सांगतील.

मग प्रत्येक घराची टोपली वेगळी मोजायची काय? तसे करता येत नाही, आणि करण्याची गरजही नसते. इथे आपल्या जिल्ह्याचा एक मोठा माणूस आठवतो. महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले आणि रोहेकर ज्यांना आपले मानतात ते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर ते पद सोडणारे म्हणून सगळे त्यांना ओळखतात. ते पुष्कळ वर्षे कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्ष होते, आणि १९५० साली महालनोबिस यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली त्यामागे त्यांचे बळ होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सगळा देश मोजायचा नाही; शास्त्राने निवडलेली थोडी घरे नीट मोजायची, आणि त्यांवरून देशाविषयी बोलायचे, अशी ही रीत. शिते चाचपून भात शिजला की नाही हे पाहणाऱ्या घरात ती कोणाला परकी वाटू नये. अट एकच की भात ढवळलेला हवा. फाटकापाशी उभे राहून भेटतील त्यांना विचारले तर तो नमुना नव्हे. आमच्या दृष्टीने या पाहणीचा मोठा गुण असा की ती हजेरीपटाकडून येत नाही, घराकडून येते. कारखान्याच्या यादीतून गळालेला ठेकेदाराचा माणूस आपल्या घरी सापडतो.

पेणच्या मूर्ती कारखान्यांविषयी असेच काम करण्याचे आम्ही योजले आहे, आणि त्यासाठी आपल्यापैकी काहींची मदत आम्हांला हवी आहे. तिथे पगारपत्रक नाही. साचा भरणाऱ्याचा दर वेगळा, कच्ची मूर्ती पॉलिशपेपरने घासणारीचा वेगळा, डोळे आखणाऱ्याचा वेगळा, आणि बहुतेकांचा नगावर. चतुर्थीच्या आधीच्या चार महिन्यांत रात्रीचा दिवस, पुढे कित्येकांना दुसरे काम शोधावे लागते. तिथल्या बाईची मिळकत चार महिन्यांवर भागली तर ती बरी दिसते, बारावर भागली तर अगदी वेगळी दिसते. कशाने भागावे यावर मालक आणि आम्ही भांडू, ते पुढे. आधी एका वर्षभर, महिन्याच्या महिन्याला, ठरलेल्या घरी जाऊन एक आकडा लिहून आणणारी माणसे पाहिजेत. घरे आम्ही चिठ्ठ्या टाकून निवडणार आहो, ओळखीची म्हणून नव्हे. हायस्कूलच्या वरच्या वर्गातली मुलेमुली हे काम सहज करतील. ताळ्याच्या खुणा त्यांना येतात, आणि बाया त्यांना चहा पाजून खरे ते सांगतील.

या वहीचा पहिला रकाना आम्ही आखून आणला आहे. तो व्यासपीठाशेजारच्या टेबलावर ठेवतो. फळाही इतक्यात पुसू नये अशी चिटणीसांना विनंती आहे, कारण आमची बेरीज तपासून पाहायची कोणाची इच्छा असेल.